बसल्या बसल्या रॉक

कोर्टनी बार्नेट हे नाव ज्या गाण्यामुळे जगाच्या कानावर गेलं, ते गाणं दम्यावर आहे. प्रेमात श्वास कोंडणं, विरहात ऊर फुटणं हा काव्यातला दमा नव्हे. पंप लागतो, रुग्णवाहिका येते, तो दमा. सोमवारची सकाळ आणि मेलबर्नचा चाळीस अंशांचा उन्हाळा. बाई उशिरा उठते. अंगणात ही अडगळ साचलेली. शेजारीपाजारी आपल्याबद्दल भलतासलता संशय घेत असतील या विचारानं तिला एकदम कर्तव्याची उबळ येते आणि ती तण उपटायला बसते. थोड्याच ओळींत तिचा श्वास अडकतो. आणखी थोड्या ओळींनी ती हाय स्ट्रीटवर रुग्णवाहिकेत चढत असते, आणि ओळखीचा एक माणूस नेमका तेव्हाच तिच्याकडे बघत असतो. गाण्याचं नाव ‘अवाँ गार्डनर’, साल २०१३.

मी मेलबर्नला राहते, हाय स्ट्रीटवरून रोज ८६ नंबरच्या ट्रॅमनं जाते, त्यामुळे हे गाणं मला बातमीसारखं ऐकू आलं. रॉकवाल्यांचे ठरलेले विषय मला ठाऊक होते: महामार्ग, मोटारसायकल, मोडलेलं काळीज आणि सरकार. त्यात तण कुठे बसतं? पण इथल्या उपनगरात राहून बघा. घरापुढचं गवत वाढलं की शेजारी तोंडानं काही बोलत नाहीत. ते फक्त आपलं गवत थोडं जास्तच मन लावून कापतात. घरातली मोठी अडगळ नगरपालिका ठरल्या दिवशी उचलून नेते, तिला ‘हार्ड रबिश’ म्हणतात. मोडका सोफा, फुगलेली गादी, तीन पायांची खुर्ची असं सगळं रस्त्याकडेला मांडायचं. नगरपालिकेची गाडी यायच्या आत निम्मा माल दुसऱ्यांच्या घरी पोचलेला असतो. आमचं टीव्हीचं टेबल असंच आलंय. पाहुण्यांना आम्ही ते अँटिक आहे म्हणून सांगतो.

या गाण्यातली सगळ्यात खरी भीती मरणाची नाहीच, बिलाची आहे. ऑस्ट्रेलियातली मेडिकेअर ही सरकारी योजना डॉक्टरचं बघते, सरकारी दवाखान्याचं बघते. पण आमच्या व्हिक्टोरिया राज्यात रुग्णवाहिका तिच्यात बसत नाही. सभासद नसाल तर हजार डॉलरच्या वर बिल येतं. म्हणून शहाणी माणसं ॲम्ब्युलन्सची वार्षिक वर्गणी भरून ठेवतात. हे मी सांगलीला आईला फोनवर समजावून सांगितलं.

“वर्षभरात लागली नाही तर पैसे परत देतात का?”

“नाही गं.”

“मग मुदत संपायच्या आत एकदा बसून तरी या दोघं.”

त्याच फोनवर तिला गाणंही ऐकवलं. तिनं बराच वेळ शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, “अगं, ही बोलतेच आहे मघापासून. गाणं कधी सुरू होणार?”

शंका अगदीच गैर नव्हती. बार्नेट सूर आळवत नाही, ती सांगते. बसस्टॉपवर शेजारी बसलेल्या बाईनं आपली सकाळ कशी गेली ते सांगावं आणि मागे कुणीतरी गिटार चालू ठेवावं, तसं ते ऐकू येतं. आवाज चढत नाही, उतरत नाही, कुठे थरथरतही नाही. पाचेक मिनिटांत माणूस मरणाच्या दारातून परत येतो आणि गाणारीच्या आवाजात त्याची नोंदसुद्धा नसते. शिवाय उच्चार अस्सल ऑस्ट्रेलियन. इथले कित्येक गायक बोलताना ऑस्ट्रेलियन असतात आणि माइक समोर आला की अमेरिकन होतात. हिला ते जमलं नाही किंवा हिनं ते मनावर घेतलं नाही. माझ्या मते दुसरं.

आणि मौज बघा, या बाईचं मधलं नाव मेल्बा आहे. नेली मेल्बा ही ऑपेराची जगप्रसिद्ध गायिका. १८६१ साली मेलबर्नच्या रिचमंड भागात जन्मली. मूळची हेलन मिचेल, पण गावाच्या नावावरून मेल्बा झाली. तिच्या सन्मानार्थ एस्कॉफिए नावाच्या थोर बल्लवाचार्यानं लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात पीच आणि आइस्क्रीमचा ‘पीच मेल्बा’ केला. शंभर डॉलरच्या नोटेवर आज तिचा चेहरा आहे. आईबापांनी एवढ्या मोठ्या गळ्याचं नाव ठेवावं आणि लेकीनं गाण्यात बोलत सुटावं! आपल्याकडे ‘लता’ नावाच्या मुलीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये हमखास गायला उभं करतात आणि ती हमखास भेसूर गाते. नावाचं ओझं सगळीकडे सारखंच. या मेल्बानं ते खांद्यावर घेतलंच नाही, एवढाच फरक.

जन्म १९८७चा, सिडनीचा. सोळाव्या वर्षाच्या सुमारास घरचे टास्मानियातल्या होबार्टला गेले. तिथे थोडं चित्रकलेचं शिक्षण आणि घरोघरी पिझ्झा पोचवायची नोकरी झाली. मग मेलबर्न. इथे नॉर्थकोट सोशल क्लब नावाचं ठिकाण आहे, तेही हाय स्ट्रीटवरच. पुढे बार आणि मागे गाण्याचं स्टेज. तिथे ती बिअर ओतायची. म्हणजे ऐन उमेदीच्या काळात दुसऱ्यांची गाणी ऐकायचा पगार मिळत होता. डावखुरी आहे. गिटार वाजवताना प्लेक्ट्रम वापरत नाही, उघड्या बोटांनी तारा ओरबाडते. गिटार शिकवणाऱ्या कुठल्याही सरांनी ते बघितलं तर आधी हातावर पट्टी मारतील आणि मग घरी जाऊन तसंच करून बघतील.

२०१२ साली तिनं स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. भांडवल आजीकडून उसनं घेतलं आणि नाव ठेवलं ‘मिल्क! रेकॉर्ड्स’, उद्गारचिन्हासकट. इथे मी जरा थांबले. आमच्या घराण्यात आज्यांनी नातींना पाटल्या दिल्या, कॉलेजच्या फिया भरल्या, एकीनं तर स्कूटर घेऊन दिली. पण ‘आजी, मला रॉक संगीताची कंपनी काढायचीय, नाव दूध’ असं म्हटल्यावर डबा उघडणारी आजी आमच्याकडे झाली नाही. त्या कंपनीतून आधी दोन छोट्या तबकड्या आल्या. दुसरीचं नाव ‘गाजरापासून गुलाब कसा कोरावा’ अशा अर्थाचं, आणि दोन्ही एकत्र करून जी निघाली तिच्या नावात डाळीचा समुद्र. रेकॉर्डच्या दुकानदारानं त्या रॉकच्या खणात ठेवल्या की पाककृतींच्या, देव जाणे.

मग २०१५च्या मार्चमध्ये पहिली पूर्ण लांबीची रेकॉर्ड आली, अकरा गाण्यांची: ‘समटाइम्स आय सिट अँड थिंक, अँड समटाइम्स आय जस्ट सिट’. कधी बसून विचार करते, कधी नुसतीच बसते. इतकं लांब नाव दुकानात मागायचं म्हणजे रांगेतल्या मागच्या माणसाची आधी माफी मागायला हवी. हे वाक्यही आजीकडूनच आलंय. तिच्या न्हाणीघरात पोस्टर होतं त्यावरचं. वाक्य तसं जुनंच. ब्रिटनच्या ‘पंच’मध्ये १९०६ साली एका व्यंगचित्राखाली ते जवळपास असंच येऊन गेलंय. म्हणजे भांडवल आजीचं आणि शीर्षकही आजीचं. सिनेमाच्या धंद्यात एवढं करणाऱ्या बाईला निर्माती म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवतात.

ध्वनिमुद्रण मेलबर्नच्याच प्रेस्टन उपनगरातल्या हेड गॅप स्टुडिओत झालं. दहा दिवसांत. मोठमोठे बँड एका तबकडीसाठी दोन-दोन वर्षं डोंगरातल्या बंगल्यात जाऊन बसतात, भांडतात, घटस्फोट घेतात. इथे दहा दिवस. प्रेस्टनमध्ये दहा दिवसांत नळ दुरुस्त करणारा माणूस येत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

रेकॉर्ड सुरू होते एका लिफ्टनं. विशीतला एक पोरगा आहे. डोक्यावर दाट केस, तरी टकलाची धास्ती. सव्वानऊला उठतो, टोस्टवरच्या व्हेजिमाइटचे कण सांडत ९६ नंबरच्या ट्रॅममध्ये चढतो आणि तिकीट काढत नाही. व्हेजिमाइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट लेप. ऑस्ट्रेलियन माणूस तो आईच्या मायेनं खातो. आपण पहिल्यांदा चाखल्यावर कोणी चुकून वंगण तर दिलं नाही ना, असं बघतो. तिकिटाचं म्हणाल तर १ जानेवारी २०१५पासून मेलबर्नच्या मध्यवर्ती भागात ट्रॅम फुकट झाली. पण ९६ नंबर ईस्ट ब्रन्सविकहून निघते आणि फुकटची हद्द खूप पुढे सुरू होते. मधल्या टप्प्यात पोरगा कायदेशीर गुन्हेगार आहे. त्या टप्प्यात साध्या कपड्यातले तपासनीसही चढतात, आणि ते चढले की डब्यातल्या सगळ्यांची पाठ आपोआप ताठ होते, तिकीट काढलेल्यांचीही.

तर हा पोरगा ऑफिसला दांडी मारून स्वान्स्टन स्ट्रीटवरच्या निकोलस बिल्डिंगमध्ये शिरतो आणि लिफ्टनं गच्चीवर निघतो. लिफ्टमधली एक नटलेली बाई घाबरते, हा उडी मारणार म्हणून, आणि त्याला आयुष्य किती सुंदर आहे ते सांगायला लागते. त्याला नुसतं वरून शहर बघायचं असतं, शहर वसवायच्या कॉम्प्युटर गेममधल्यासारखं. उलट तुम्हालाच मदतीची गरज दिसते, असं काहीसं तो तिला वाटायला लावतो. ही इमारत मी बघितलीय. १९२६ची, आत शिंपी, बटणांची दुकानं, चित्रकारांच्या खोल्या; आणि जुन्या लिफ्ट, ज्या पूर्वी आत बसलेली माणसं हातानं चालवत. ती बांधणाऱ्या निकोलस घराण्याचा पैसा ‘ॲस्प्रो’ या डोकेदुखीच्या गोळीतून आलेला. ऑफिसमुळे डोकं उठलेला पोरगा औषध शोधत बरोबर डोकेदुखीच्या पैशानं उभ्या राहिलेल्या इमारतीवर पोचतो. बार्नेटनं हे मुद्दाम केलं असेल तर तिला नमस्कार, आणि नकळत झालं असेल तर मेलबर्नला.

२०१६च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी आपण काय ऐकतो त्याची यादी जाहीर केली. तिच्यात हे गाणं होतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या ऑफिसात बसलेला माणूस दांडी मारणाऱ्या पोराचं गाणं ऐकत होता. कारकीर्दीचं शेवटचं वर्ष होतं, समजू शकतं.

बाकीची गाणी मी काही एकेक करून सांगत बसणार नाही. एकात पोहण्याच्या तलावात शेजारच्या लेनमधल्या माणसावर छाप पाडायला म्हणून ती श्वास रोखून धरते आणि बेशुद्ध पडते. शुद्धीवर येईतो तो माणूस गेलेला असतो. (तलाव फिट्झरॉयचा. पन्नासच्या दशकात इटालियन स्थलांतरितांची पोरं खोल पाण्यात बुडायला लागली म्हणून त्यांच्या भाषेत तिथे पाटी रंगवली, तीही शुद्धलेखन चुकवून. चुकीसकट ती पाटी आज वारसा म्हणून जपलीय.) एकात सोबतीण सेंद्रिय भाजीचा हट्ट धरते तिथून गाणं सुरू होतं आणि ह्यूम हायवेवर चिरडलेल्या जनावरांपाशी जाऊन पोचतं. एकात पार्टीला जायचंही आहे आणि घरीही बसायचं आहे. तुम्ही नाही गेलात तर कुणाचं काही अडत नाही, हे त्या गाण्याचं नावच सांगतं. मराठी मंडळाच्या गणपतीला न जाण्यासाठी मी दर वर्षी जेवढी कारणं जमवते, तेवढ्यात तीन गाणी झाली असती.

सगळंच आवडतं असं नाही. ‘स्मॉल पॉपीज’ सात मिनिटांचं आहे आणि त्यातली शेवटची काही मिनिटं गिटारलाच माहीत. माझी लेक म्हणते तोच भाग भारी आहे. तिच्या पिढीला शब्द संपल्यावर बरं वाटतं. ‘किम्स कॅरव्हॅन’ मात्र वेगळं. फिलिप बेटाच्या किनाऱ्यावर मरून पडलेला सील आणि ग्रेट बॅरियर रीफची चाललेली वाताहत. तिथे थट्टा हळूहळू पाय काढता घेते आणि आवाज थोडा चढतो.

मग व्हायचं ते झालं. त्या वर्षीच्या एरिया पुरस्कारांत, म्हणजे ऑस्ट्रेलियन संगीतातल्या सगळ्यात मानाच्या, तिला चार मिळाले. त्यातला एक मुखपृष्ठाचा, कारण मुखपृष्ठावरच्या खुर्च्याही तिनंच काढल्या होत्या. चित्रकलेचं शिक्षण वाया गेलं असं आता कुणी म्हणू नये. २०१६च्या ग्रॅमीसाठी ‘उत्कृष्ट नवोदित कलाकार’ म्हणून नामांकन झालं. ट्रॉफी मेगन ट्रेनर घेऊन गेली. इकडे ऑस्ट्रेलियात यशस्वी माणसाबद्दल एक जुना रिवाज आहे: खसखशीचं जे बोंड इतरांच्या वर जाईल ते आधी छाटायचं. तिनं छाटणाऱ्यांना श्रमच पडू दिले नाहीत. ‘पेडेस्ट्रिअन ॲट बेस्ट’ या गाण्यात मला डोक्यावर घ्याल तर पस्तावाल, अशी सूचना आगाऊच दिली आणि व्हिडिओत स्वतः उदास विदूषक होऊन जत्रेत हिंडली. आपल्याकडच्या नवोदितांना एवढं सुचत नाही. पहिला दिवाळी अंक छापून आला की शाल कुठल्या रंगाची, इथपर्यंत मजल जाते.

पण माझ्या मते ही रेकॉर्ड ज्यासाठी ठेवावी ते गाणं एकच: ‘डिप्रेस्टन’. विषय घर बघायला जाणे.

गाण्यातलं जोडपं शहराच्या आतल्या भागातलं. भाडं परवडत नाही. म्हणून जरा लांब, तेव्हा फॅशनमध्ये नसलेल्या प्रेस्टनमध्ये घर बघायला निघतं. घरी कॉफीचं यंत्र घेतल्यामुळे बाहेरची कॉफी सुटलीय आणि आठवड्याला तेवीस डॉलर वाचताहेत, याचा अभिमान आहे. हा अभिमान मी ओळखते. घर घ्यायला निघालेलं प्रत्येक जोडपं आधी कॉफी सोडतं, जसं आपल्याकडे आधी रिक्षा सोडतात.

मेलबर्नमध्ये घर बघणं हा शनिवारचा खेळ आहे. फुटपाथवर झेंडा लागतो. अर्धा तास दार उघडं. दारात एजंट उभा असतो: घोट्याच्या वर संपणारी पँट, टोकदार बूट, हातात टॅबलेट. नाव आणि फोन नंबर दिल्याशिवाय आत पाऊल टाकू देत नाही. सोमवारी सकाळी तो नंबर वाजतोच. आत शिरलं की सगळे हलक्या पावलांनी फिरतात, कपाटं उघडतात, नळ सोडून बघतात आणि एकमेकांकडे हसून मनात एकमेकांची ऐपत मोजतात. आपली माणसं लगेच ओळखू येतात, कारण ती दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहून फोनवर होकायंत्र लावतात. इथे सूर्य उत्तरेकडून येतो, त्यामुळे घर उत्तरेला उघडत असेल तर एजंट ते जाहिरातीत ठळक छापतात. वास्तुवाले उत्तर दिशा बघून खूश होतात. भारतीयांना सौरऊर्जेचं केवढं ज्ञान, म्हणून एजंट खूश होतात. कुणीच कुणाला समजावायला जात नाही.

आणि मग लिलाव. तोही शनिवारीच, घरापुढच्या रस्त्यावर. लिलाववाला गळ्याची शीर फुगवून ओरडतो. घेणारे दोघं-तिघं, बघणारी सगळी गल्ली. आमचे एक शेजारी येताना घडीची खुर्ची घेऊन येतात.

गाण्यातलं जोडपं मात्र लिलावापर्यंत पोचत नाही. घर छान आहे, छताला पत्र्याची जुनी नक्षी, बाग, दोन गाड्यांचं गॅरेज. गाडी एकच असेल तर मग सामान ठेवायला जागा! पण घर मयताचं आहे. इथे जाहिरातीत हे सरळ लिहितात, ‘डिसीस्ड इस्टेट’ म्हणून. आपल्याकडे ज्या घरात कुणी गेलं ते विकताना हीच गोष्ट घेणाऱ्यांपासून लपवायला घरमालक धडपडतो. इथे उलट ती जमेची बाजू, वारसांना विकायची घाई असते म्हणून. आणि त्या घरात गेलेल्या बाईच्या वस्तू तशाच आहेत. स्नानघरात आधाराचा दांडा. ओट्यावर चहा, कॉफी, पीठ असं लिहिलेल्या डब्यांची रांग. व्हिएतनाममध्ये व्हॅनमध्ये बसलेल्या तरुण पोराचा फोटो. गाणारीचं लक्ष तिथे जातं आणि घर घ्यायचं राहूनच जातं. मला यातले डबे सगळ्यात जास्त लागले. माझ्या सासूबाईंचे असेच होते, साखर लिहिलेल्यात कधीच साखर नसायची.

आणि एवढ्यात एजंटचा आवाज येतो: वर अर्धा मिलियन डॉलर असतील तर हे पाडून नवीन बांधता येईल.

इथे माझ्या नवऱ्यानं गाणं थांबवलं. त्याला हिशेब पुरा केल्याशिवाय पुढचं ऐकू येत नाही. पाच लाख भागिले तेवीस, म्हणजे एकवीस हजार सातशे एकोणचाळीस आठवडे. भागिले बावन्न. “चारशे अठरा वर्षं,” तो म्हणाला. “तेवढी वर्षं कॉफी घरी केली की हे घर पाडता येतं. घ्यायचे पैसे वेगळे.” मग थोडा विचार करून म्हणाला, “दुधाचे धरलेले नाहीत.”

त्याच सुमारास आम्हीही शनिवारचे घर बघत हिंडत होतो. प्रेस्टनच्या किमती गाणं येईपर्यंतच हाताबाहेर गेल्या होत्या, म्हणून एक उपनगर पुढे सरकून रेझर्व्होरमध्ये. एका विटांच्या घरात स्नानघरात आधाराचा दांडा दिसला आणि मी तिथेच रेंगाळले. मागून एजंट आला. दांडा सहज काढता येतो, खुणासुद्धा राहणार नाहीत, म्हणाला. मी त्याला विचारलं, तुम्ही ‘डिप्रेस्टन’ ऐकलंय का? पोराचा चेहरा उजळला. ऐकलंय म्हणजे काय, त्याच्या मोबाइलवर होतं. म्हटलं, मग त्यातला तुमच्यासारखाच एक माणूस आठवतोय?

“हो ना,” तो म्हणाला, “आणि तो बरोबर बोलत होता. ते गाणं आलं तेव्हा ज्यांनी प्रेस्टनमध्ये घेतलं, त्यांचं भलं झालं. रेझर्व्होरवर अजून कुणी गाणं केलेलं नाही. त्याच्या आत घ्या.”

नवऱ्यानं खिशातून कॅल्क्युलेटर काढला.